रुळावरची खुर्ची

परितोष गुहठाकुरता यांना या सगळ्या खटाटोपातून काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. म्हणजे पुढे कोणी त्यांना उगाच मोठेपणा चिकटवायला नको. पैसा मिळणार नव्हता. नित्ययात्री समितीच्या, म्हणजे रोज गाडीने जाणाऱ्यांच्या समितीच्या, सचिवाला पैसा मिळत नसतो, शिव्या मिळतात. बढतीही मिळणार नव्हती. त्यांच्या विमा कचेरीतल्या साहेबाला शालुकडांगा हे स्टेशनाचं नाव आहे की त्वचेच्या रोगाचं, एवढंही ठाऊक नव्हतं. मिळणार होती ती फक्त शांतता. तीसुद्धा एकाच माणसाच्या तोंडाची आणि जेवण आटपेपर्यंतची. तो माणूस म्हणजे त्यांचे सासरे, शिवप्रसन्न हालदार.

हालदार घटी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. गुहठाकुरता बांगाल, म्हणजे फाळणीत घरदार टाकून पलीकडून आलेले. घटींच्या डाळीत साखर, बांगालांच्या कालवणात मिरची. दोघांनाही दुसऱ्याच्या घरचं जेवण हा अन्नाचा अपमान वाटतो. तरीही परितोषबाबूंनी हालदारांच्या बीथिकाशी लग्न केलं, आणि तेव्हापासून दर जामाईषष्ठीला, म्हणजे आमच्याकडे जावयाला आसनावर बसवून खाऊ घालायच्या दिवशी, सासरे समोर बसत, रुई माशाचं डोकं त्यांच्या ताटात सरकवत आणि म्हणत,

“खा, बाबाजीवन, खा. तुमची मंडळी आमच्या आजोबांच्या आमराईत उतरली, ती उपाशीच उतरली होती.”

माशाचं डोकं तोंडात असताना माणसाला उत्तर देता येत नाही. हालदारमोशाय हे जाणून होते.

आता खरं बघायला गेलं, तर दोघांचंही बरोबर. स्टेशन उभं आहे ते हालदारांच्या आमराईतच. त्यांच्या आजोबांनी रायबहादूर व्हायच्या आशेने ती जमीन रेल्वेला दिली. रायबहादूर ते झाले नाहीत, स्टेशन मात्र झालं. पण तिथे गाड्या थांबत दिवसातून दोन, आणि त्यांतूनही बहुतेक वेळा हालदारच उतरत. मग फाळणी झाली, रुळापलीकडच्या माळावर झोपड्यांची कॉलनी उभी राहिली, माणसं कामाच्या शोधात कलकत्त्याकडे बघू लागली, आणि कलकत्त्याच्या गाड्या शिट्टी मारून समोरून जाऊ लागल्या. शेवटी एका सकाळी कॉलनीतली माणसं रुळावर जाऊन बसली, ती थांब्याचा हुकूम आल्यावरच उठली. त्यांत परितोषबाबूंचे वडील होते. म्हणजे जमीन हालदारांची, थांबा गुहठाकुरतांचा. इतका हा सरळ हिशेब आहे. पण सरळ हिशेब दोन्ही बाजूंनी मान्य केला, असं आमच्या शालुकडांग्यात आजवर झालेलं नाही.

त्या थांब्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा समितीने सुवर्णजयंती करायची ठरवली. शनिवारची सकाळ, फलाटावर मांडव, चहा, लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, बटाट्याचा आलूर दम आणि एक ऐतिहासिक नाटक. त्या बैठकीतच परितोषबाबूंच्या डोक्यात बेत शिजला.

“अध्यक्ष म्हणून हालदारमोशायना बोलवू,” ते म्हणाले.

कॉलनीच्या बाजूची मंडळी चवताळली. “घटीला अध्यक्ष करणार? आपल्या लढ्याच्या समारंभाला?”

“त्यासाठीच तर.” परितोषबाबूंनी आवाज खाली आणला. “नाटकात आपल्या बापजाद्यांचा सत्याग्रह दाखवायचा. ते पहिल्या खुर्चीवर बसून बघणार. शेवटी सत्याग्रहींना हार कोण घालणार? अध्यक्ष. एकदा चारशे माणसांसमोर हार घातला की संपलं. मग जन्मभर बोलायची सोय नाही.”

सगळ्यांना बेत पटला. सासऱ्यांना मऊ हाताने गप्प करायचा असा बेत कुठल्याच जावयाला आजवर सुचला नसेल, असं परितोषबाबूंना स्वतःला वाटलं. घरी येऊन त्यांनी तो बायकोला ऐकवला.

बीथिका कलकत्त्यातल्या एका शाळेत शिकवायची. सकाळची जलद लोकल शालुकडांग्याला थांबत नाही, म्हणून ती त्याआधीची, प्रत्येक स्टेशनाशी गप्पा मारत जाणारी गाडी पकडायची, आणि त्यासाठी काळोखात घर सोडायची. बेत ऐकताना ती दुसऱ्या दिवशीचा डबा भरत होती.

“पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्या थांबून झाल्या,” ती म्हणाली. “आजची थांबवायचं बघा की.”

“अगं, हा इतिहासाचा प्रश्न आहे.”

“माझा झोपेचा आहे.” तिने डब्याचं झाकण दाबलं. “आणि बाबा गप्प बसतील म्हणता? आईने तेहतीस उपास केले त्यासाठी.”

हालदारमोशायनी आमंत्रण मात्र लगेच स्वीकारलं. इतक्या लगेच, की परितोषबाबूंना थोडी धास्तीच वाटली. “येईन की. आपल्याच जमिनीवर जायला आमंत्रण कशाला लागतं? पण आलं ते बरं झालं. चार शब्द बोलेनही.”

नाटकाची जबाबदारी होती तिमिरबरण सरांवर. सगळे त्यांना तिमिरदा म्हणत. शाळेत भूगोल शिकवायचे आणि आयुष्यभर नाटक जगायचे. त्यांना नाटकात एकच गोष्ट कळत असे, ती म्हणजे वास्तव. एकदा त्यांच्या दुष्काळावरच्या नाटकात नटांनी खरोखर दोन दिवस उपास केला होता आणि तिसऱ्या अंकात नायक खरोखरच पडला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टर नंतर आला.

“फलाटावर दोन बांबू आडवे टाकून रूळ म्हणायचे?” तिमिरदा म्हणाले. “परितोष, त्यापेक्षा मी विष घेईन.”

मग तोडगा निघाला. फलाटासमोर येण्याजाण्याचे दोन रूळ आहेत आणि त्यांच्याही पलीकडे जुनी साइडिंग. एके काळी तिथे तागाचे गठ्ठे चढायचे. आता नुसतं गवत आणि गंज. नाटक तिथे करायचं, लोकांनी फलाटावरून बघायचं. मध्ये एखादी गाडी गेली, तर तिमिरदांच्या मते ती फुकटात मिळालेली पार्श्वभूमी.

स्टेशन मास्तर त्रिलोचन बेहेरा मूळचे ओडिशातल्या बालेश्वरचे, भिडस्त स्वभावाचे. नियमांना ते देवाच्या जवळपास मानायचे. त्यांनी दोन दिवस विचार केला. “साइडिंगवर गाडी येत नाही, तेव्हा हरकत नाही,” ते म्हणाले. “पण मुख्य रुळावर कोणी पाय ठेवायचा नाही. पायाचं बोटसुद्धा नाही.”

“ठेवणार नाही,” परितोषबाबूंनी वचन दिलं. आणि एवढं सांगायला हवं, की त्यांनी स्वतः ते पाळलं. त्याचाच पुढे त्यांना फटका बसला.

बेहेराबाबूंनी सगळं विचारलं, फक्त एक गोष्ट विचारायची राहिली: नाटकात सामान काय काय आहे. सामान फार नव्हतं. वीस-पंचवीस फाटकी धोतरं, एक मोडकी ट्रंक, जमीनदाराच्या भूमिकेसाठी एक मिशी, आणि एक लाल साडी. मूळ सत्याग्रहात कोणा बाईने आपली लाल साडी बांबूला बांधून गाडीला दाखवली होती, अशी कॉलनीत आठवण सांगतात. तिमिरदा ती सोडणार थोडेच.

समारंभाच्या सकाळी सगळं झकास चाललं होतं. हालदारमोशाय कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पंजाबी कुडत्यात, हातात काठी घेऊन आले. कपाळाला चंदन, गळ्यात रजनीगंधाचा हार, हातात फुलांचा गुच्छ. त्यांच्यासाठी क्लबातून लाल मखमली बैठकीची, सोनेरी हातांची खुर्ची आणली होती. पाड्यातल्या प्रत्येक लग्नात नवरा तिच्यावरच बसतो. परितोषबाबू कोऱ्या धोतरात फलाटावर इकडून तिकडे मिरवत होते. त्यांचं एक लक्ष नाटकाकडे, दुसरं सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे.

पलीकडे साइडिंगवर निर्वासित बसले. घोषणा सुरू झाल्या, “गाडी थांबलीच पाहिजे! शालुकडांग्यात थांबलीच पाहिजे!” एकाने बांबूवर लाल साडी चढवली आणि जिवाच्या आकांताने हलवायला सुरुवात केली.

नेमकी त्याच वेळी सकाळची जलद लोकल आली.

ड्रायव्हरला नाटकाचं आमंत्रण नव्हतं. त्याला लांबून दिसलं ते एवढंच: रुळांशी गर्दी, गर्दीच्या डोक्यावर लाल कापड. लाल दिसलं की थांबायचं, हे त्याला शिकवलेलं होतं आणि तो चांगला शिकला होता. ब्रेक किंचाळले, आणि जी गाडी शालुकडांग्याकडे कधी मान वळवून बघत नव्हती, ती अर्धी फलाटात शिरून उभी राहिली.

निर्वासितांची पंचाईत झाली, कारण संहितेप्रमाणे गाडी तिसऱ्या प्रवेशात थांबायची होती, आणि हा पहिलाच चालू होता.

“थांबली,” तिमिरदा पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघ, परितोष. याला म्हणतात अभिनय.”

इथे आमच्या भागातली एक सवय सांगितली पाहिजे. गाडी स्टेशनाबाहेर थांबली तर आम्ही सिग्नलला शिव्या देतो. पण गाडी थांबलेली, समोर माणसं बसलेली, लाल कापड आणि घोषणा असं एकत्र दिसलं, की आमच्याकडे त्याला एकच नाव आहे: अवरोध. कोणी विचारत नाही की हा अवरोधच आहे ना. विचारतात ते एवढंच, की कशाचा.

“कशाचा हो अवरोध?” पहिल्या डब्यातून एकाने विचारलं.

“वीजबिलाचा दिसतोय,” दुसऱ्या डब्यातून उत्तर आलं.

“मग बरोबरच आहे. मलाही या वेळी केवढं तरी आलंय.”

माणसं भराभर खाली उतरली. काहींनी फलाटावरच्या मांडवात जाऊन लुची-आलूर दम घेतला, आणि असा सोयीचा अवरोध आपण पूर्वी कधी पाहिला नाही, असं एकमेकांना सांगितलं. उरलेली पाचपन्नास माणसं सरळ गाडीच्या तोंडापुढे जाऊन रुळावर बसली. फुकटचं खाऊन नुसतं उभं राहणं त्यांच्या मनाला पटेना.

परितोषबाबूंच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, उठा, उठा. हे नाटक आहे.”

“सगळंच नाटक आहे, दादा,” बसलेल्यांपैकी एक समजूतदारपणे म्हणाला. “पण वीजबिल खरं आहे.”

एवढ्यात साइडिंगवर जमीनदार अवतरला. तिमिरदांनी ठरवलं होतं की काहीही होवो, प्रयोग थांबता कामा नये. जमीनदाराने टोकं वर वळवलेली भरघोस मिशी लावली होती. तिला पीळ देत तो गरजला, “चालते व्हा, भिकारड्यांनो, माझ्या आमराईतून!”

मखमली खुर्ची करकरली. हालदारमोशाय उभे राहिले.

“आमच्या आजोबांना मिशी नव्हती,” ते म्हणाले.

“बाबा, ते प्रतीक आहे,” परितोषबाबू गडबडीने म्हणाले.

“प्रतीकालाही नव्हती.”

आणि काठी टेकत ते निघाले. फलाटाच्या टोकाला उतार आहे, तिथून खाली उतरले, उभ्या गाडीच्या तोंडापुढून रूळ ओलांडायला लागले आणि बरोबर मधोमध त्यांचा उजवा गुडघा अडकला. तो गुडघा जुना आहे. अडकला की तासभर कोणाचं ऐकत नाही. ते तिथेच काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, “खुर्ची.”

हालदार घराण्यात हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या असाच उच्चारला गेला आहे. दोन निर्वासित नाटक सोडून धावले, अध्यक्षांची खुर्ची उचलून आणली आणि रुळांमध्ये ठेवली. हालदारमोशाय बसले. मागे थांबलेली लोकल, भोवती घोषणा देणारी माणसं, आणि मध्ये लाल मखमलीवर चंदन, हार, गुच्छ. कोणीही लांबून बघितलं असतं तरी सांगितलं असतं, की पुढारी कोण.

बेहेराबाबू धापा टाकत परितोषबाबूंकडे आले. त्यांचा चेहरा चुना फासल्यासारखा दिसत होता.

“जंक्शनहून रेल्वेचे वरिष्ठ अधिकारी सान्यालसाहेब निघालेत. परितोषबाबू, मला एक सांगा. हे काय आहे?”

“तुम्हाला माहितीच आहे, नाटक.”

“नाटक नको,” बेहेराबाबू हात जोडून म्हणाले. “नाटक म्हटलं की परवानगी माझी. लाल कापडाचं नाटक स्टेशन मास्तरने होऊ दिलं, असं लिहितील. माझी नोकरी गेली म्हणून समजा. पण आंदोलन म्हणालात, तर आंदोलन हे वादळासारखं आहे. वादळाला मास्तर काय करणार? माझ्यासाठी हे आंदोलन करून टाका.”

परितोषबाबूंनी हिशेब केला. सासऱ्यांची जिरवायला निघालो आणि एका सज्जन माणसाच्या पोटावर पाय येतोय. “बरं. आंदोलन,” ते म्हणाले.

“पण आंदोलनाला मागणी लागते,” बेहेराबाबू म्हणाले.

मागणी नव्हतीच. समितीची तातडीची बैठक मांडवामागे, लुच्या तळायच्या कढईशेजारी भरली. कोणी म्हणालं शेड, कोणी म्हणालं पाण्याचा नळ. कॉलनीवाल्यांना पादचारी पूल कॉलनीच्या बाजूला हवा होता, बाजाराकडच्यांना बाजाराच्या. तिमिरदांनी प्रत्येक फलाटावर मुक्त रंगमंच मागितला. गाडीतून उतरलेल्यांचा एक प्रतिनिधी आत घुसला आणि वीजबिलाचं पहिलं घ्या म्हणाला. तेवढ्यात सान्यालसाहेबांची जीप आली.

सान्यालसाहेब अनुभवी माणूस. ते इकडेतिकडे न बघता सरळ खुर्चीकडे गेले आणि नमस्कार केला. “बोला, मोशाय. तुमची मागणी काय?”

“मिशी काढा,” हालदारमोशाय म्हणाले.

सान्यालसाहेबांनी नकळत स्वतःच्या ओठावरून हात फिरवला. त्यांना बारीकशी होती.

ती खुर्ची फलाटाच्या काठाला लागून असलेल्या रुळावरच होती. परितोषबाबू काठावर उकिडवे बसले, कोऱ्या धोतराचा सोगा सावरत वाकले आणि सासऱ्यांच्या कानाशी लागले. “बाबा, तुमच्या पाया पडतो. काहीतरी मागणी सांगा.”

“मी मागू? रुळावर बसून? बांगालांसारखं?”

“बसलेले तर तुम्ही आहातच, बाबा.”

हालदारमोशायनी खाली बघितलं. दगड, रूळ, खुर्चीचे चार पाय. हा मुद्दा त्यांच्या आतापर्यंत लक्षात आला नव्हता.

बीथिका परितोषबाबूंच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने मागच्या गाडीकडे हात केला. “बाबा, ही मागा. ही गाडी रोज इथे थांबू दे.”

“ही थांबत नाही?”

“आज पहिल्यांदाच थांबली. म्हणून तर मी काळोखात घर सोडते. बावीस वर्षं.”

हालदारमोशाय लेकीकडे बघत राहिले. “मला वाटायचं, तुला पहाटेची हौस आहे.”

“पहाटेची हौस कोणाला असते, बाबा?”

म्हाताऱ्याने हातातला गुच्छ मांडीवर ठेवला. मग काठीने साइडिंगकडे इशारा करून म्हणाला, “आधी ती मिशी.”

तिमिरदा संतापले. कलेवर घाला, सरंजामी दडपण वगैरे बरंच बोलले. पण जमीनदाराचं काम करणारा नट बँकेत कामाला होता आणि त्याला वेळेवर पोचायचं होतं. त्याने स्वतःच मिशी उपटून खिशात घातली. गोंद पक्का होता. तो किंचाळला तेही वास्तवच होतं.

मग हालदारमोशाय खुर्चीत सावरून बसले, हार सारखा केला आणि सान्यालसाहेबांना म्हणाले, “लिहून घ्या. आमच्या आजोबांनी ही जमीन दिली ती गाडी थांबायला दिली. नुसती शिट्टी मारून पळायचं, तर त्याला स्टेशन कशाला लागतं? ती आमच्या आमराईतूनही मारता आली असती. आमची मुलगी काळोखात निघते आणि ही गाडी उजेडात न थांबता पुढे जाते. हा कुठला कारभार? ही रोज थांबली पाहिजे. जाताना आणि येताना.”

फलाटावर टाळ्यांचा कडकडाट झाला. रुळावर बसलेले प्रवासी मात्र एकदम उठले.

“एक मिनिट. गाडी इथे थांबली तर आम्हाला रोज उशीर.”

“म्हणजे इतका वेळ आम्ही आमच्याच विरुद्ध बसलो होतो?”

“आणि वीजबिल?”

“वीज रेल्वे विकत नाही,” सान्यालसाहेब थकून म्हणाले. “हे बघा, ह्यांची मागणी मी वर कळवतो. हो म्हणाले तर गाडी आत्ता सुटेल. नाही म्हणाले, तर काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

प्रवाशांनी घड्याळं बघितली. मग पाचपन्नास माणसांनी एका सुरात, मघाच्यापेक्षा जास्त जोराने घोषणा दिली, “शालुकडांग्यात थांबलीच पाहिजे!” इतका मनापासूनचा पाठिंबा परक्या स्टेशनाला क्वचितच मिळाला असेल.

बेहेराबाबूंच्या फोनवरून सान्यालसाहेब बराच वेळ बोलले. बाहेर आले ते सांगतच, “सहा महिने. प्रायोगिक तत्त्वावर. माणसं चढली, तर पुढे कायम.”

बीथिकाने पदराने तोंड पुसलं. पण पुसण्यासारखं काही तोंडावर नव्हतं. बेहेराबाबू तर जगन्नाथाचं नाव घेत चक्क फलाटावर बसले.

“आता एक राहिलं,” सान्यालसाहेब म्हणाले. “गाडी अडली म्हणजे खटला होणारच. किरकोळ दंड असतो, पण नोंदीत कोणाचं तरी नाव लागतं. कोण देतंय?”

परितोषबाबूंना वडील आठवले. पन्नास वर्षांपूर्वी असाच कोणीतरी अधिकारी असंच काहीतरी विचारत उभा असेल, आणि वडील पुढे झाले असतील. बेत फसला, हार राहिला, नाटक पहिल्याच प्रवेशात मेलं; पण हे एक अजून हातात होतं. ते एक पाऊल पुढे आले, धोतराची निरी नीट केली.

“लिहा. परितोष गुहठाकुरता.”

“तुम्ही रुळावर होता?”

परितोषबाबूंनी पायांखालच्या फलाटाकडे बघितलं.

“फलाटावरून उतरला होता का, एवढंच विचारतोय.”

बेहेराबाबू स्वतःच्या तोंडाने खोटं बोलू शकत नसत, आणि आज तर ते उपकाराखाली दबले होते. ते उठले आणि म्हणाले, “नाही साहेब. ह्यांनी मला शब्द दिला होता. सकाळपासून ह्यांनी पायाचं बोटसुद्धा खाली ठेवलं नाही. असा माणूस मिळायचा नाही.”

“मग हे कसे चालतील?” सान्यालसाहेबांनी पेन खुर्चीच्या दिशेने वळवलं. “मोशाय, आपलं नाव?”

“हालदार,” सासरे म्हणाले. “शिवप्रसन्न. सावकाश लिहा, पाठीमागे आजोबांचंही येऊ द्या.”

खटला कलकत्त्यात, सियालदहच्या रेल्वे कोर्टात चालला. चालला कसला, दोन वाक्यांत उरकला. परितोषबाबू सचिव या नात्याने दंडाचे पैसे घेऊन गेले होते. हालदारमोशायनी त्यांचा हात बाजूला सारला आणि स्वतःच्या पाकिटातून भरले. पावती माझ्या नावाची हवी, म्हणाले. परतताना संध्याकाळची जलद लोकल मिळाली; तिलाही आता आमच्याकडे थांबा होता. सासऱ्यांना खिडकी मिळाली. त्यांनी पावती दोनदा बाहेर काढून वाचली.

“म्हणजे आता असं झालं,” ते म्हणाले. “जमीन आजोबांची आणि थांबा नातवाचा. मध्ये तुमची मंडळी कुठे बसतात, ते बघायला हवं.”

परितोषबाबू काही बोलले नाहीत. तोंडात माशाचं डोकं नव्हतं, तरी नाही.

दोन स्टेशनं गेली. मग बाहेर बघता बघता सासऱ्यांनी विचारलं, “तुमचे वडील किती वेळ बसले होते तिथे?”

“सकाळपासून दिवे लागेपर्यंत.”

“खुर्ची होती?”

“नाही, बाबा. दगडांवरच. मांडीवर माझी मोठी बहीण होती, दीड वर्षाची.”

हालदारमोशायनी पावतीची घडी केली आणि खिशात ठेवली. एक हात आपसूक उजव्या गुडघ्यावर गेला. बाहेर डबकी, केळीची बनं, एकाला एक लागून घरं सरकत होती. एक स्टेशन गेलं, ते बोलले नाहीत. दुसरं गेलं, तरी नाहीत. परितोषबाबू श्वास धरून बसले होते. एवढी शांतता त्यांनी पंचवीस वर्षांत त्या बाजूने ऐकली नव्हती.

“खुर्ची न्यायला हवी होती,” शेवटी सासरे म्हणाले. “पण बसले, हे खरं.”

गाडी शालुकडांग्याला थांबली. परितोषबाबूंनी हात दिला, सासऱ्यांनी तो घेतला, आणि दोघे उतरले.

तर आता कोणी काय भरलं ते सांगून मोकळा होतो. दंड हालदारमोशायनी भरला, आनंदाने. तिमिरदांनी ओठाच्या कातडीसाठी त्या बँकेतल्या नटाची माफी भरली. वीजबिल ज्याचं त्याने भरलं. बीथिकाला काही भरावं लागलं नाही. ती आता उजेड पडल्यावर उठते, बसून चहा पिते. आणि सियालदहची जातायेताची दोन्ही तिकिटं जावयाने काढली होती. पण ती कोणी जपून ठेवली नाहीत, त्यामुळे इतिहासात त्यांची नोंद व्हायची नाही.